तारामती ते जोधाबाई : दुर्गा खोटे यांचे जीवन आणि अभिनय



महाडहून रायगडाकडे निघालेला प्रवासी पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबतो आणि मग गडाच्या कड्याखाली वसलेल्या हिरकणीवाडीत येतो. रज्जुमार्गाचे खालचे स्थानक आज याच वाडीत आहे. पाळण्यात बसून काही मिनिटांत कडा ओलांडताना बहुतेकांच्या ओठांवर एकच कथा असते. दूध घालायला गडावर गेलेली हिरकणी, कोजागिरीच्या रात्री बंद झालेले दरवाजे, घरी एकटे राहिलेले तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला तो कडा. ही आख्यायिका आपण शालेय वयापासून ऐकत आलो आहोत. परंतु ती सांगताना आपण एक गोष्ट सहसा वगळतो. हिरकणी गडावर का गेली होती? ती दूध विकायला गेली होती. तिचे कडा उतरणे आपण बुरुजाच्या रूपाने स्मरणात ठेवले. तिचे रोजचे चढणे, म्हणजे पोटासाठी केलेले काम, मात्र आपल्या नजरेतून निसटले.

या घटकात आपण ज्या अभिनेत्रीचा परिचय करून घेणार आहोत, त्यांच्याही बाबतीत काहीसे असेच झाले आहे. दुर्गा खोटे हे नाव उच्चारले की रुपेरी पडद्यावरची राजमाता, राणी, प्रेमळ आजी डोळ्यांसमोर येते. त्या पडद्यावर का आल्या, आल्यावर त्यांनी कोणती किंमत दिली आणि आपल्या कामाच्या अटी त्यांनी स्वतः कशा ठरवल्या, हा भाग तितकासा सांगितला जात नाही. पुढील परिचय वाचताना आपण त्या बाजूकडे अधिक लक्ष द्यावे, अशी अपेक्षा आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याचे, घरात बोलली जाणारी भाषा कोकणी, आणि वास्तव्य गिरगावातील कांदेवाडीत. वडील पांडुरंगराव लाड हे सॉलिसिटर होते. एकत्र कुटुंब मोठे होते, घरात सुबत्ता होती, आणि मुलींच्या शिक्षणाला विरोध नव्हता. दुर्गाबाई कॅथेड्रल शाळेत शिकल्या आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. त्या काळी मराठी घरातील मुलीने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणे आणि नंतर बी.ए.च्या वर्गात बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पण महाविद्यालयात असतानाच त्यांचा विवाह झाला. पती विश्वनाथ खोटे हे अभियंता होते आणि सासरचे घर श्रीमंत होते. बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे झाले. येथवरची कहाणी त्या काळातील सुखवस्तू पांढरपेशा घरातील कोणत्याही स्त्रीची असू शकली असती.

पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली. दोन लहान मुले पदरात, हाती कोणतीही पदवी नाही, आणि ज्या शिक्षणाचा घराला अभिमान होता त्याचा उदरनिर्वाहासाठी उपयोग कसा करावा हे कोणी शिकवलेले नाही, अशी त्यांची अवस्था झाली. पुढे अकाली वैधव्यही वाट्याला आले. माहेरचा आधार होता. पण आधार असणे आणि आश्रित असणे यांतील अंतर फार थोडे असते, हे दुर्गाबाईंना कळत होते. चित्रपटात त्या आल्या त्या हौसेने नव्हे, कमावण्यासाठी. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हे कारण सतत समोर ठेवावे लागते.

१९३१ हे वर्ष भारतीय चित्रपटाच्या इतिहासात संक्रमणाचे आहे. १४ मार्च रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. मूकपटात काम करणाऱ्या अनेक नटनट्यांची पंचाईत झाली, कारण आता चेहऱ्याबरोबर भाषा, उच्चार आणि गळाही लागत होता. निर्मात्यांना सुशिक्षित, स्वच्छ बोलणाऱ्या स्त्रिया हव्या होत्या. अशाच वेळी मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात दुर्गाबाईंना एक अगदी छोटी भूमिका मिळाली. चित्रपट सुमार निघाला. पण बदनामी मात्र मोठी झाली. प्रतिष्ठित घराण्याची मुलगी आणि तितक्याच प्रतिष्ठित घराण्याची सून पडद्यावर दिसते, हाच जाहिरातीचा विषय ठरला आणि नंतर टीकेचाही. ज्या समाजाने तोवर या घराचे कौतुक केले होते, त्यानेच नाके मुरडली.

येथे थोडे थांबून एका शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. दुर्गाबाईंविषयी लिहिताना ‘चित्रपटात आलेली पहिली कुलीन स्त्री’ अशा आशयाचे वर्णन वारंवार केले जाते. हे वर्णन जपून वापरावे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. पण त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला, म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा बालगंधर्वांनी शिखरावर नेलेली असताना हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रियांना रंगमंचावर आणले. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. लोकरंगभूमीवर तर स्त्री कलावंतांची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. तेव्हा ‘कुलीन’ या विशेषणाने दुर्गाबाईंचा गौरव करताना, आधीच्या स्त्रियांना आपण नकळत त्या विशेषणाबाहेर ठेवतो. दुर्गाबाईंच्या येण्याने मध्यमवर्गीय घरांचे दार उघडले हे खरे. मात्र दाराबाहेर आधीपासून कामात असलेल्या बायका नव्हत्या असे मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दुर्गाबाईंचे मोठेपण या विशेषणावर अवलंबूनच नाही.

‘फरेबी जाल’च्या कटू अनुभवानंतर त्या पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नसत्या तर नवल वाटले नसते. पण कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीकडून विचारणा झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी आपला पहिला बोलपट काढत होती. कथा हरिश्चंद्राचीच होती. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि ‘अयोध्या का राजा’ हिंदीत, असे दोन्ही चित्रपट एकाच वेळी चित्रित झाले. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. तारामती झाल्या दुर्गाबाई. ज्या भूमिकेसाठी एकोणीस वर्षांपूर्वी फाळक्यांना स्त्री मिळाली नव्हती, ती भूमिका १९३२ मध्ये एका तरुण आईने केली.

बोलपटाच्या त्या पहिल्या दिवसांत काम कसे चाले, हे आपण समजून घेतले पाहिजे. पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाने अभिनय करता करता स्वतःच गायचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून साथ करायची, आणि एक सूर किंवा एक शब्द चुकला की सगळे दृश्य पुन्हा पहिल्यापासून. दोन भाषांत काम असल्याने प्रत्येक प्रसंग दोनदा उभा करावा लागे. रंगभूमीचा अनुभव नाही आणि समोर टेंब्यांसारखा संगीत नाटकात मुरलेला गायक-नट, अशा स्थितीत दुर्गाबाईंनी तारामती उभी केली. ही कथा आपणांस ठाऊक आहे. राज्य गेलेली राणी काशीच्या बाजारात विकली जाते, परक्या घरी दासी म्हणून राबते, रोहिदासाला सर्पदंश होतो, आणि मुलाच्या प्रेताला अग्नी देण्यासाठी तिला स्मशानात स्वतःच्याच पतीसमोर उभे राहावे लागते. घराण्याचा आधार नाहीसा होऊन श्रम विकण्याची पाळी आलेल्या या राणीचे दुःख समजून घेण्यासाठी दुर्गाबाईंना फार दूर जावे लागले नसावे. चित्रपट गाजला. काल-परवा नाके मुरडणाऱ्यांनी आता तारामतीला हात जोडले.

त्याच वर्षी प्रभातचाच ‘माया मच्छिंद्र’ आला आणि त्यात स्त्रीराज्याची राणी म्हणून त्या दिसल्या. मग त्यांनी एक वेगळा निर्णय घेतला. त्या काळी कलाकार एखाद्या कंपनीचा पगारी नोकर असे. महिन्याला ठरावीक वेतन, त्याच कंपनीचे चित्रपट आणि बाहेर काम करण्यास मनाई, अशी पद्धत होती. प्रभातशी संबंध उत्तम असूनही दुर्गाबाईंनी स्वतःला या पद्धतीत बांधून घेतले नाही. चित्रपटागणिक करार करून काम करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. दोन मुलांच्या आईने निश्चित पगार सोडून अनिश्चित स्वातंत्र्य निवडावे, हे वरवर पाहता अविचाराचे वाटेल. परंतु आपल्या कामाचे मोल आपण ठरवायचे, हा व्यवहार त्यांना लवकर उमगला होता. या निर्णयामुळेच त्या कलकत्त्यास जाऊ शकल्या. तेथे देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ‘सीता’ (१९३४) हे चित्रपट त्यांनी केले. ‘सीता’मध्ये राम होते पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला.

पण अभ्यासकाने ज्यावर अधिक रेंगाळावे, असा त्यांचा चित्रपट म्हणजे ‘अमर ज्योती’. १९३६ मध्ये प्रभातने तो काढला, तेव्हा कंपनी पुण्याला आली होती. दिग्दर्शक पुन्हा शांतारामच. नायिका आहे सौदामिनी. राज्याचा कायदा तिला तिच्याच तान्ह्या मुलाचा ताबा नाकारतो, कारण मूल बापाचे, आईचा त्यावर हक्क नाही. दाद मागूनही न्याय मिळत नाही, तेव्हा ती समुद्रावर जाते, जहाज हाती घेते आणि चाच्यांची म्होरकी बनून त्या राज्याविरुद्ध युद्ध पुकारते. आई म्हणजे सहनशीलता, हे समीकरण त्या काळच्या साहित्यात आणि रंगभूमीवर रूढ होते. सौदामिनी सहन करीत नाही. ती मुलावरचा हक्क मागते, आणि हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेलाच शत्रू मानते. अशा भूमिकेत नटीचा तोल सहज जाऊ शकतो. एक तर ती आक्रस्ताळी होते, नाही तर शेवटी रडून क्षमा मागते. दुर्गाबाईंची उंच, ताठ देहयष्टी आणि ठाम शब्दोच्चार यांनी सौदामिनीला राणीसारखा रुबाब दिला आणि तो चाचेगिरीतही सुटला नाही. हाही चित्रपट व्हेनिसला गेला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती त्यांनी स्वतः केली. भारतात तेव्हा स्त्री निर्मात्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

चाळिशीच्या दशकात त्यांचे वय नायिकेच्या भूमिकांना मागे टाकू लागले. अनेक अभिनेत्रींची कारकीर्द येथे संपते. दुर्गाबाईंनी मात्र जे पुढ्यात आले, त्यातून वेगळेच काही घडवले. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) या चित्रपटात त्या सुनेचा छळ करणारी सासू झाल्या. हिंदी आवृत्तीचे नाव ‘चरणों की दासी’. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) कैकेयी झाल्या. सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’मध्ये (१९४३) मृणालवती झाल्या. बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने पहिल्या दोन भूमिकांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान दिला. या भूमिका एकत्र ठेवून पाहा. कैकेयी मुलासाठी राज्य मागते, सासू मुलावरची सत्ता सोडायला तयार नाही, मृणालवती वैराग्याच्या कवचाआड आपली तहान लपवते. तिघीही प्रेक्षकाच्या सहानुभूतीच्या बाहेर उभ्या आहेत. खलनायिका रंगवण्याचा सोपा मार्ग दुर्गाबाईंनी टाळला आणि त्या हट्टामागचे भय दाखवले. ‘सोज्वळ तारामती’ म्हणून मिळालेली लोकप्रियता धोक्यात घालण्याचे हे धाडस होते, आणि मला ते ‘फरेबी जाल’नंतर परतण्याइतकेच मोठे वाटते.

रंगभूमीकडे त्या वळल्या त्या चित्रपटातून. मराठी कलावंतांचा नेहमीचा प्रवास याच्या उलट असतो. बोलपटाच्या आक्रमणाने नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी होत असतानाच तिचे प्राण कंठाशी आले होते. या काळात डॉ. अ. ना. भालेराव यांच्या प्रेरणेने मुंबई मराठी साहित्य संघाने नाटके पुन्हा उभी करण्याचे कार्य हाती घेतले. ज्या माध्यमाने रंगभूमीचा प्रेक्षक पळवला, त्याच माध्यमातील एक मोठी तारका गिरगावात तालमींना येऊ लागली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या आणि नानासाहेब फाटक राघोबा. वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅकबेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) या नाटकातही ही जोडी होती. आनंदीबाई आणि मॅकबेथची पत्नी यांच्यातील साम्य आपल्या लक्षात आले असेल. दोघीही पतीच्या हातून खून घडवून सत्ता मिळवू पाहतात. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालीवर भिस्त ठेवणाऱ्या नटीला फाटकांसारख्या भारदस्त वाणीच्या नटासमोर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे होते. नाटकातून मिळणारे उत्पन्न चित्रपटाच्या तुलनेत नगण्यच असणार; म्हणजे एव्हाना काम हे केवळ मिळकतीचे साधन उरले नव्हते. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने अभिनयासाठी त्यांचा गौरव केला आणि १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९६० मध्ये के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ प्रदर्शित झाला. त्यातील जोधाबाई आजही घरोघरी ओळखली जाते. अकबर होते पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम-सीता आता बादशहा आणि महाराणी म्हणून समोरासमोर आले. एका बाजूला साम्राज्य आणि पती, दुसऱ्या बाजूला बंड करणारा मुलगा सलीम, आणि मधोमध ही स्त्री. संवाद अकबर आणि सलीम यांच्या वाट्याला अधिक आले आहेत. जोधाबाईला बहुधा गप्प राहून ऐकायचे असते. ते ऐकणे पाहण्यासारखे आहे.

याच सुमारास त्यांच्या घरावर आघात झाला. धाकटा मुलगा हरिन अकाली निवर्तला. त्याची पत्नी विजया, ‘रंगायन’ची चळवळ उभारणारी दिग्दर्शिका, आज विजया मेहता या नावाने आपल्या परिचयाची आहे. ज्या मुलांसाठी त्यांनी चेहऱ्याला रंग लावला, त्यांतील एक गेला. काम थांबले नाही. ‘आनंद’, ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘बॉबी’, ‘कर्ज’ अशा कितीतरी चित्रपटांत त्या आई, आजी, मोठी सून म्हणून आल्या. ‘बॉबी’तील मिसेस ब्रॅगांझा ही गोवेकर ख्रिस्ती आजी साकारताना मूळच्या गोव्याच्या या बाईंना विशेष परकेपणा वाटला नसेल. ‘बिदाई’साठी (१९७४) त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. या काळातील सर्वच भूमिका सारख्या तोलाच्या नाहीत. काही चित्रपटांत त्यांना पांढरी साडी नेसून आशीर्वाद देण्यापलीकडे काही नव्हते. भूमिकांची संख्या वाढली की असे घडतेच.

अभिनयाबरोबरच त्यांनी स्वतःची निर्मितिसंस्थाही चालवली. माहितीपट, लघुपट आणि जाहिरातपट तेथे तयार होत. याच संस्थेने १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी ‘वागळे की दुनिया’ ही मालिका काढली. आर. के. लक्ष्मण यांनी कल्पिलेला मध्यमवर्गीय कारकून, त्याची पत्नी आणि त्याची महिनाअखेरची ओढाताण लाखो घरांत पोहोचली. महिनाअखेर म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या बाईंच्या संस्थेतून ती मालिका आली, याची नोंद घ्यावी.

१९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला. उत्तरायुष्यात त्यांनी अलिबागजवळ घर केले होते. अलिबाग हे आपल्या जिल्ह्याचे मुख्यालय. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध झाले आणि पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ते मूळ मराठीतच वाचावे. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ शेजारी ते ठेवून वाचल्यास एकाच व्यवसायात दोन वेगळ्या सामाजिक स्तरांतून आलेल्या स्त्रियांना काय काय मिळाले आणि काय काय नाकारले गेले, हे स्पष्ट होईल.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी दुर्गाबाईंचे निधन झाले.

उपलब्ध असलेल्या मराठी बोलपटांत ‘अयोध्येचा राजा’ हा सर्वांत जुना आहे. मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रफिती नष्ट झाल्या; ही वाचली. आपल्या अभ्यासकेंद्रात किंवा घरी पाहण्याची सोय झाल्यास तो आवर्जून पाहावा. छायाचित्रण आज जुने वाटेल, आवाज खरखरीत येईल, गाणी संथ वाटतील. काशीच्या बाजारातील प्रसंगापाशी मात्र थांबा. विकली जाणारी तारामती आधी मुलाकडे पाहते की बोली लावणाऱ्यांकडे, हे नीट पाहा आणि आपले निरीक्षण आपल्या शब्दांत वहीत लिहून ठेवा.